फुलते कुंपण

कुंपण हा शब्द मराठी भाषेत फारशा प्रेमाने उच्चारला जात नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, या म्हणीत ते कोत्या दृष्टीची सीमा दाखविते. आणि कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, या प्रश्नात ते फितूर झालेल्या राखणदाराचे रूप घेते. घराला आपण उंबरठा दिला, त्याची पूजा केली, त्यावर रांगोळी काढली. अंगणाला तुळशीवृंदावन दिले. दाराला तोरण दिले. कुंपणाच्या वाट्याला मात्र काटे आले. वस्तुतः वाटसरूची आणि घराची पहिली गाठ पडते ती उंबरठ्याशी नव्हे, कुंपणाशी. घराचा स्वभाव रस्त्याला कळतो तो तेथे. म्हणूनच या उपेक्षित रेषेला थोडा रंग, थोडा गंध कसा द्यावा, आणि तोही फारसा खर्च व कष्ट न करता, हा विचार वाटतो तितका किरकोळ नाही.

पूर्वीच्या कुंपणांचे काम स्पष्ट होते. गुरांनी पीक खाऊ नये आणि रानडुकरांनी बाग उकरू नये, एवढ्यासाठी ती उभी राहत. कोकणात जांभ्या दगडांचे गडगे रचले जात, आणि जेथे दगड नसे तेथे काटेरी वई घातली जाई. आत जाण्यासाठी आडव्या काठ्या सरकवून उघडावयाचे बेडे असे. देशावर बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या तोडून बांधावर रचीत. शेर, निवडुंग, घायपात, मोगली एरंड, सागरगोटा ही झाडे कुंपणासाठी निवडली गेली ती शोभेकरिता नव्हे. कोणाला काटे होते, कोणाच्या अंगी विषारी चीक होता, आणि कोणाची पाने गुरे तोंडी लावीत नसत. तरीही निसर्ग आपले देणे देतच असे. पाऊस सुरू झाला, की त्याच गडग्यावर हिरवे शेवाळ चढे, दगडांच्या सांदीतून नेचे डोकावत, आणि श्रावणात त्यावर रानतेरड्याची गुलाबी झालर उमटे. ती कोणी लावलेली नसे.

काटेरी कुंपणाचा अतिरेक कोठवर जाऊ शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकविला जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत एक जकातीची सरहद्द आखली. १८६९ साली तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहारा करीत होती. या सरहद्दीच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशा झाडांचे जिवंत कुंपण वाढविण्यात आले. जेथे झाड जगेना तेथे सुक्या काट्यांची रास किंवा दगडी भिंत घालण्यात आली. पुढे राष्ट्रसभेच्या संस्थापकांत ज्यांची गणना झाली, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे काही वर्षे याच जकात खात्याचे आयुक्त होते आणि हे कुंपण वाढविण्याच्या कामी त्यांनी बरेच लक्ष घातले होते. १८७९ साली ही सरहद्द मोडीत निघाली, आणि मैलोगणती पसरलेले ते कुंपण काही पिढ्यांत जवळजवळ निःशेष नाहीसे झाले. गरिबाच्या ताटातले मीठ अडविण्यासाठी उभारलेल्या झाडांची कोणालाच आठवण ठेवावीशी वाटली नाही. झाड तेच असते; ते कशासाठी लावले, यावर त्याचे भाग्य ठरते.

आजच्या शहरी घराच्या कुंपणाला गुरे अडवावयाची नसतात, आणि चोराला अडविण्याची त्याची शक्तीही बेताचीच असते. हद्द दाखविणे एवढेच बहुधा त्याचे काम उरले आहे. म्हणजे वर्षाचे बारा महिने ते जवळजवळ रिकामे उभे असते. थोडा हिशेब करून पाहावा. चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब असा एखादा भूखंड घेतला, तर त्याच्या चारी बाजूंची लांबी दोनशे फूट भरते. कुंपण पाच फूट उंच धरले, तर त्याचे क्षेत्र एक हजार चौरस फूट होते. घर, मोरी, वाहनाची जागा आणि येण्याजाण्याची वाट वजा केल्यावर त्या भूखंडावर बागेसाठी एवढी मोकळी जमीन क्वचितच उरते. जमीन आडवी नसली तर उभी आहे. आणि वेलीला मुळांपुरती हातभर जागा मिळाली, की उरलेला संसार ती हवेत थाटते. ज्यांना अंगण नाही, केवळ सज्जाचा कठडा आहे, त्यांनाही हा हिशेब प्रमाणाने लागू पडतो. सज्जाचा कठडा म्हणजे वरच्या मजल्याचे कुंपणच होय.

कमी निगराणीची बाग याचा अर्थ निष्काळजीपणाची बाग असा नव्हे. जो विचार पुढे वर्षभर पाणी घालताना आणि कीड वेचताना करावा लागतो, तो आधीच करून ठेवणे, एवढाच तिचा अर्थ आहे. पहिला विचार उन्हाचा. भारतात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे कुंपणाची दक्षिणेकडे तोंड केलेली बाजू अधिक फुलते आणि उत्तरेकडची बाजू पानांवर भागविते. घराच्या उत्तर हद्दीवर लावलेली वेल घरमालकाला फुले दाखविते, तर दक्षिण हद्दीवर लावलेली तीच वेल शेजाऱ्यासाठी किंवा रस्त्यासाठी फुलते. हे आधी ठाऊक असले म्हणजे पुढे वेलीला दोष देण्याचे कारण पडत नाही. पश्चिमेचे ऊन कडक असते. तेथे बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब अशी सोशिक मंडळी लावावीत. पूर्वेचे कोवळे ऊन अबोलीला, जाईजुईला आणि कृष्णकमळाला मानवते.

दुसरा विचार मातीचा. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी साचून राहते आणि मुळे कुजतात. तेथे खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालून मातीत वाळू मिसळावी. कोकण-गोव्याच्या तांबड्या मातीतून पाणी लगेच निघून जाते आणि पावसाने तिचा कसही वाहून जातो. तेथे पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने द्यावे. दीड फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा, त्यात निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढा शिधा बहुतेक वेलींना पुरतो. खड्डा भिंतीच्या अगदी पायाशी घेऊ नये; निदान एक फूट सोडून घ्यावा. पायाजवळच्या मातीत बहुधा चुना, सिमेंट आणि विटांचा चुरा असतो, आणि ओली माती भिंतीलाही बरी नव्हे.

तिसरा विचार आधाराचा. तारेच्या जाळीवर वेल आपण होऊन चढते. परंतु सपाट भिंतीवर तिला हात धरावयास काही लागते. त्यासाठी भिंतीत खिळे ठोकून, भिंतीपासून चार-पाच इंच अंतर राखून, गंजू न देणारी तार एकेका फुटावर आडवी ताणावी. या मोकळ्या जागेतून वारा खेळतो आणि भिंतीला ओल धरत नाही. बांबूच्या कामट्यांची जाफरी स्वस्त पडते आणि दिसतेही सुरेख. तिचे जमिनीत जाणारे टोक डांबरात बुडवून घेतले, तर वाळवीपासून काही वर्षे सुटका होते. वेल बांधण्यासाठी तार वापरू नये. काथ्या किंवा सुती चिंधी घ्यावी, आणि आधार व खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन गाठ सैल ठेवावी. खोड जाड होत जाते, आणि आज सैल वाटणारी तार दोन वर्षांनी त्याचा गळा आवळते.

वेल चढून कुंपण झाकीपर्यंत निदान एक-दोन पावसाळे जातात. तोवर उघड्या भिंतीला सजविण्याचे उपाय घरातच असतात. गेरूचा हात देऊन वर चुन्याची पांढरी किनार ओढली, की साधी भिंतही सणासुदीची दिसू लागते. आणि गेरूच्या तांबड्या पार्श्वभूमीवर हिरवे पान उठून दिसते. कडा फुटलेली मडकी, गळके डबे, नारळाच्या करवंट्या यांच्या तळाला भोके पाडून त्या कुंपणावर टांगता येतात. त्यांत चिनी गुलाब किंवा पावसाळी लिलीचे कंद सुखाने राहतात. मात्र भोक पाडण्यास विसरू नये. साचलेल्या पाण्यात मुळे तर कुजतातच, शिवाय डासांची पैदास होते.

आता प्रत्यक्ष वेलींकडे वळावे. कुंपणाची राणी म्हणावी अशी वेल बोगनवेलच. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असता त्याच्या ताफ्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सों याला ती ब्राझीलमध्ये आढळली, आणि नायकाचे नाव तिला मिळाले. त्या शास्त्रज्ञाची सहायक झान बारे ही पुरुषवेषात त्या जहाजावर होती. समुद्रमार्गे पृथ्वीला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. बोगनवेलीचा जो रंग डोळ्यांत भरतो तो फुलांचा नव्हे. किरमिजी, केशरी, जांभळ्या, पांढऱ्या दिसतात त्या पाकळ्या म्हणजे रंग पालटलेली पाने होत. खरे फूल त्यांच्या मध्यभागी असलेली बारीक, पांढुरकी नळी. पाकळी लवकर गळते, पान टिकून राहते. म्हणूनच हा बहर आठवडेच्या आठवडे उतरत नाही. या वेलीच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते ती प्रेमापोटी. रोज पाणी आणि भरपूर खत मिळाले, की ती नुसती पाने काढते. मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे, नंतर मात्र जमीन नीट वाळू द्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा लावला, तर तो सहज जगतो. बहर ओसरल्यावर छाटणी करावी, कारण पुढचा बहर नव्या फुटव्यावर येतो. तिचे काटे ध्यानात घेऊन पायवाटेकडच्या फांद्या वेळीच आवराव्यात.

जिला घरोघर मधुमालती म्हणतात ती वेल शास्त्रीय दृष्ट्या निराळी. संस्कृत काव्यातील माधवीलता ती ही नव्हे. हिला रंगूनची वेल असेही नाव आहे. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तेथील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या रुम्फियस याला ती बुचकळ्यात पाडणारी वाटली, कारण ती आधी झुडपासारखी वाढते आणि मग वेलीचे रूप घेते. लॅटिनमध्ये तिचे जे नाव पुढे रूढ झाले त्याचा अर्थच मुळी ‘कोण?’ आणि ‘कशी?’ असा आहे. हिचे फूल सायंकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे तांबडे. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. पांढरे, सुगंधी फूल रात्रीच्या पतंगांना बोलावते. रंग चढल्यावर मधमाश्या आणि पाखरे येऊ लागतात. ही वेल दणकट आहे. हलक्या जाफरीला ती पेलवत नाही, तिला भिंत किंवा लोखंडी जाळी द्यावी.

कृष्णकमळाची गंमत आणखी निराळी. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना त्याच्या फुलात ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे दिसली. भारतीय मनाने त्याच फुलाच्या भोवतालच्या तंतूंत शंभर कौरव, आतील पाच केसरांत पांडव आणि मधोमध श्रीकृष्ण पाहिला. फूल एक, पुराणे दोन. संक्रांतवेल वर्षभर हिरवी राहून नेमकी थंडीत, संक्रांतीच्या सुमारास, नारिंगी फुलांनी कुंपण झाकून टाकते. इंदूर, नागपूर किंवा पुण्यासारख्या कोरड्या थंडीच्या गावी ती विशेष खुलते. गोकर्णीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या सुरुवातीस पेरले, की दोन-अडीच महिन्यांत निळी किंवा पांढरी फुले येऊ लागतात. ती शेंगवर्गातील असल्यामुळे तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र साठवितात आणि जमिनीचा कस राखतात. गणेशवेल तर एका पावसाळ्याची पाहुणी. तिची पिसांसारखी पाने आणि लाल चांदण्या तारेच्या नव्या कुंपणाला पहिल्याच वर्षी शोभा आणतात. उत्तरेकडे, दिल्ली-लखनौच्या थंडीत, आश्विनाच्या सुमारास पेरलेले स्वीट पी कुंपणावर जसे बहरते, तसे ते मुंबईच्या दमट हवेत कधीच बहरत नाही. ज्याने त्याने आपल्या हवेचे ऐकावे, हेच शहाणपण.

वेलींचे पाय मात्र काही काळाने उघडे पडतात. पाने आणि फुले वर जातात, खाली नुसती खोडे राहतात. म्हणून कुंपणाच्या पायथ्याशी दीड-दोन फूट रुंदीचा वाफा करून त्यात बुटकी फुलझाडे लावावीत. यांत पहिला मान सदाफुलीचा. मूळची मादागास्करची ही वनस्पती भिंतीच्या भेगेतही वाढते आणि नाव सार्थ करीत बारा महिने फुलते. शेळ्या-गुरे तिला तोंड लावीत नाहीत, कारण तिचा रस कडू आणि विषारी आहे. याच रसातून १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन नावाचे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. ते आणि त्याचे भावंड असलेले व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही कर्करोगावरील उपचारांत आजही वापरली जातात. अर्थात ते औषध प्रयोगशाळेचे आहे. अंगणातली पाने खाऊन पाहण्याचे नव्हे.

गुलबक्षी पेरूची, ती उन्हे उतरली की उमलते, म्हणून दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाला ती सोयीची. एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि पट्टेरी फुले दाखविणाऱ्या या झाडाने शास्त्रज्ञांनाही कामाला लावले. जर्मनीच्या कार्ल कॉरेन्स याने १९०९ साली तिच्या चित्रविचित्र पानांवरून असे दाखवून दिले, की काही गुण केवळ मातृवनस्पतीकडूनच पुढच्या पिढीत उतरतात. झेंडू मेक्सिकोकडचा, पण आज त्याच्यावाचून दसरा साजरा होत नाही. दसऱ्याला तोरण हवे असेल, तर आषाढात रोपे तयार करावीत. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना आवर घालतात, म्हणून तो शेजारच्या झाडांचाही रक्षक ठरतो. तेरडा पावसाळ्याचा, शेवंती थंडीची, चिनी गुलाब उन्हाळ्याचा. अबोली आणि कोरांटी या घरच्याच, अर्ध्या सावलीतही न रुसणाऱ्या. कर्दळीला पाणी जास्त लागते; मोरीचे पाणी जेथून वाहते तेथे ती लावली, तर पाण्याचाही उपयोग होतो आणि त्या कोपऱ्याची कळाही पालटते.

रंगांची जुळणी करताना एक साधा नियम पुरतो. वेल एका रंगाची असली, तर खाली दोन रंग असावेत. वेल अनेक रंगांची असली, तर खाली एकच रंग असावा. किरमिजी बोगनवेलीखाली पांढरी सदाफुली शांत वाटते. निळ्या गोकर्णीखाली पिवळा झेंडू दोघांनाही उठाव देतो. सर्व फुले एकाच ऋतूत फुलणार नाहीत, अशीही काळजी घ्यावी. पावसाळ्यात गणेशवेल व तेरडा, शरदात झेंडू, हेमंत-शिशिरात संक्रांतवेल व शेवंती, ग्रीष्मात बोगनवेल व चिनी गुलाब, अशी पाळी लावली, तर कुंपण सहसा रिकामे राहत नाही.

पाण्याच्या टंचाईत ही हौस परवडावी कशी, अशी शंका रास्त आहे. तिला जुना उपाय आहे. सच्छिद्र मातीचे गाडगे वेलीच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू पाझरते आणि थेट मुळांना मिळते. वाफ्यावर वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटे जाड थर पसरला, तर ऊन जमिनीतील ओल शोषून घेत नाही आणि तणही माजत नाही. डाळ-तांदळाचे, भाज्यांचे धुणे वाफ्यात जावे. मुरलेल्या वेलीला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोजच्या शिंपडण्यापेक्षा अधिक मानवते. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्या उन्हात होरपळतात.

या यादीकडे पाहिले तर ध्यानात येते, की घरोघरची म्हणून ओळखली जाणारी यांतील पुष्कळशी फुले सातासमुद्रांपलीकडून आलेली आहेत. ती आणण्यात हौशी लोकांचा आणि संस्थांचा मोठा वाटा आहे. विल्यम केरी यांचे नाव मराठी माणूस जाणतो ते १८०५ सालच्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० सालच्या मराठी-इंग्रजी कोशामुळे. त्याच केरींनी १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यान संस्था स्थापन केली. पश्चिम भारतासाठी तशीच एक संस्था पुढे पुण्यास निघाली. तेथील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था ती पाहते, आणि दर वर्षी जानेवारीत भरणारे तिचे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे.

परंतु प्रत्येक पाहुणा गुणी निघत नाही. घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणली गेली. तिची रंगीत झुबके असलेली फुले कोणालाही मोहवितात. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बिया रानोमाळ नेल्या, आणि आज देशातील जंगलांचा फार मोठा भाग तिने व्यापला आहे; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने हे क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक असल्याचे सांगितले. तिच्याखाली गवत वाढत नाही, आणि गवत नाही म्हणून हरणांना चारा नाही. निवडुंगानेही एके काळी शेते गिळली होती. १७९५ साली किरमिजी रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलहून आणलेल्या किड्यांनी रंग फारसा दिला नाही, पण एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीला आवर घालण्यासाठी १९२६ साली सिंहलद्वीपातून वेगळ्या जातीचे किडे आणावे लागले. तात्पर्य एवढेच, की जे झाड बियांनी बेसुमार पसरते, ते निष्कारण लावू नये. आधीच असेल तर फळ धरण्यापूर्वी छाटावे.

घरात लहान मुले असतील, तर आणखी एक सावधगिरी हवी. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचे सर्व भाग विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यांसारख्या खातात आणि आजारी पडतात. गुलबक्षीच्या काळ्या बियाही पोटात जाऊ देऊ नयेत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. ही झाडे निषिद्ध आहेत असे नव्हे. परंतु जेथे मुलांचा हात पोहोचतो तेथे त्यांचे काम नाही.

फुलते कुंपण फार काळ एकटे राहत नाही. शिंजीर पक्षी लांब चोच घालून मध शोधीत येतो. शिंपी पक्षी पाने शिवून त्यांत घरटे करतो. कृष्णकमळाची पाने खाणारे सुरवंट दिसले, की फवारणीचा पंप शोधण्याची घाई होते. पण थोडे दिवस वाट पाहिली तर त्याच सुरवंटांची नारिंगी फुलपाखरे झालेली दिसतात आणि वेलीला नवी पालवीही फुटते. पानांवर थोडी भोके असलेले कुंपण हे जिवंतपणाचे लक्षण मानावे. मावा फारच वाढला, तर साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळीचा अर्क पुरे होतो.

राहिला प्रश्न शेजाऱ्याचा. वेलीला खरेदीखत वाचता येत नाही; ती जिकडे ऊन असेल तिकडे जाते. पलीकडे गेलेली फांदी शेजाऱ्याला नको असेल, तर ती न कुरकुरता छाटावी, आणि छाटलेली फांदी त्याला हवी असेल, तर ती त्याच्या दारात लावूनही द्यावी. मुळे त्याच्या भिंतीत जाणार नाहीत, गळलेली फुले त्याच्या पन्हळीत अडकणार नाहीत, एवढे पाहणे हे फुले लावणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि सकाळी देवपूजेसाठी कोणी बाहेरच्या बाजूची चार फुले खुडली, तर ती चोरी समजू नये. जे फूल रस्त्याकडे तोंड करून उमलले, त्याने आपली निवड आधीच केलेली असते.

कुंपणाला दोन बाजू असतात, हे भूमितीने सांगितलेले सत्य आहे. पण काट्याच्या कुंपणाला एकच बाजू आपली असते, दुसरी परक्याची. फुलांच्या कुंपणाच्या दोन्ही बाजू दोघांच्याही होतात, आणि तरी हद्द जेथल्या तेथे राहते. त्यासाठी लागते ती हातभर जमीन, एक फांदी, आणि येणाऱ्या पावसाची थोडी वाट पाहण्याची तयारी.